कोरडी गोळी

प्रिय ट्वायला,

फोन तू उचलत नाहीस, आणि तुझी आई म्हणते, उचलेल तरी कशाला. महिना झाला. म्हणून हे पत्र. मला लिहायची सवय नाही. खाणीत बत्तीस वर्षं मी फक्त हजेरीवर सही केली. अक्षर लागलं नाही तर आईला विचार, तिला सगळं लागतं. बीफ शूटच्या नेमबाजीत, भर मैदानात, मी चारचौघांत तुझ्यावर ओरडलो, तू गाडीत बसून तशीच लेक्सिंग्टनला निघून गेलीस. आता तू पुन्हा या घरात पाऊल टाकशील की नाही, या एका काळजीनं मला घास गिळवत नाहीये.

आधी बंदुकीचं लिहितो. कंटाळू नकोस, सगळं तिथूनच निघालंय. छातीत कोळसा भरला म्हणून खाणीनं मला घरी बसवलं, तेव्हा मी ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकायचो, आठवतं ना? शेवटी तुझ्या आईनं मला ओढ्यापलीकडे एनॉक काकांच्या शेडमध्ये नेऊन सोडलं. म्हणाली, "ह्याला काहीतरी काम द्या, नाहीतर मी ह्याला ओढ्यात ढकलते." काका चौऱ्याऐंशीचे, पण अजून ठासणीच्या बंदुका हातानं घडवतात. त्यांनी माझ्या हातात कानस दिली आणि अडीच वर्षं ती खाली ठेवू दिली नाही. पहिल्या दस्त्यात मी चापाच्या कळीची खाच चुकून उलट्या बाजूला कोरली. तीन महिन्यांचं काम! काका म्हणाले, "झकास. आता एखादा डावरा शोध." दुसरा दस्ता जमला. त्या मेपलच्या लाकडाला जवसाचं तेल तूच चोळलंस, शनिवार-रविवार घरी यायचीस तेव्हा. तळव्यानं घासून घासून तुझे हात लाल व्हायचे, आणि मी मेल्यानं एकदाही शाबास म्हटलं नाही.

आता माझं पाप ऐक. नवी बंदूक कुणी सरळ खांद्याला लावत नाही, आपल्या डोंगरात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. ती आधी झाडाच्या बुंध्याला बांधायची, दुप्पट बारूद भरायची, लांब दोरीनं चाप ओढायचा आणि सगळ्यांनी आडोशाला उभं राहायचं. मी ते केलं नाही. शेवटचा स्क्रू शुक्रवारी संध्याकाळी बसला आणि शनिवारी सकाळी शूट. मला मिरवायचं होतं, दुसरं काय! काकांनी विचारलं, "बांधून उडवलीस ना रे?" मी म्हटलं, "हो, हो." इतक्या सज्जन माणसाशी मी खोटं बोललो.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं वाच. सगळे आपापल्या नेमाच्या फळ्यांवर कोळशाची फुली मारून आलेले. ज्याच्या मांसासाठी नेमबाजी तो गोऱ्हा कुंपणापलीकडे निवांत रवंथ करतोय. पहिल्या नंबराला मागच्या मांडीचा मान, पाचव्याला कातडं आणि चरबी. तुझ्या आईनं तर फ्रीजर रिकामा करून ठेवला होता. मी बंदूक भरायला घेतली आणि तू आलीस. भरणाऱ्या माणसाशी बोलायचं नाही, हा नियम मीच तुला लहानपणी शिकवला होता. तरी तू माझी बाही धरलीस. "डॅडी, ऐक ना, एक सांगायचंय." तू हळू आवाजात काहीतरी सांगत राहिलीस. मी हं हं करत राहिलो, चिंधीत गोळी गुंडाळली, गजानं खाली ठासली. नेम धरला, चाप ओढला. चकमकीची ठिणगी पडली, वरच्या पेल्यातली चिमूटभर बारूद फुस्स झाली आणि बस्स. पेल्यात पुन्हा चिमूट टाकली, पुन्हा ओढला, पुन्हा फुस्स. मागे नंबर लावून उभा असलेला व्हर्जिल ओरडला, "हॉबर्ट, बारूद कुठाय? बायकोनं लपवली की काय?" अख्खं मैदान हसलं. मी कोरडी गोळी ठासली होती, आत नळीत बारूद घातलीच नव्हती. ज्या नळीवर माझं नाव कोरलेलं, तिच्यात! मग मी वळून तुला काय म्हणालो ते इथे लिहवत नाही. "अडीच वर्षं मातीत घातलीस माझी," एवढंच लिहितो, बाकीचं त्याहून वाईट होतं. तू वळून गाडीकडे निघालीस.

गोळी आत अडकून बसली. तीन आठवडे मी बंदुकीला हात लावला नाही. गेल्या मंगळवारी काका म्हणाले, नळीचं मागचं बूच काढू आणि गोळी मागून ठोकून काढू. नळी व्हाइसमध्ये आवळली, मोठा पाना आणला. हे बूच मीच आटे पाडून बसवलेलं. ते हलवायला दोन माणसांचा जोर लागायला हवा. पाना लागलाच नाही गं. बोटांनी दोन फेरे दिले आणि बूच माझ्या हातात आलं. आटे वाकडे पडले होते, ते जेमतेम दीड आट्यावर तरलं होतं.

काकांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. रागावले नाहीत. म्हणाले, "बांधून उडवली नव्हतीस तू." मग म्हणाले, "बारूद असती तर हे बूच तुझ्या डोळ्यातून आरपार गेलं असतं." आणि स्टुलावर बसले. मला म्हणाले, "पोरगी काय सांगत होती रे?" मला सांगता येईना.

बाळा, तुझे उपकार कसे फेडू? माझे दोन्ही डोळे आज जागेवर आहेत ते तू माझी बाही धरलीस म्हणून. सकाळी तुझी आई मक्याचा पाव कापते तो दिसतो, सफरचंदाच्या मुरंब्याच्या बरण्या दिसतात, आई डोळे वटारते तेही दिसतं. प्रत्येक वेळी तुझं नाव तोंडात येतं. मी चुकलो, मला माफ कर. बूच आता नवीन केलंय, काकांसमोर. बंदूक बांधून दुप्पट बारूदीनं उडवली, टिकली.

तुझ्या आईला सगळं माहीत आहे, पण ती सांगत नाही. "तिचं आहे, तिच्याच तोंडून ऐक," म्हणते आणि स्वतःशीच हसते. म्हणून हे पत्र. त्या दिवशी तू काय सांगत होतीस? मी कितीही आठवलं तरी मला "डॅडी, ऐक ना" एवढंच ऐकू येतं. जे असेल ते पुन्हा एकदा सांगायला ये. मी ओसरीवर बसून असेन, आणि हातात काहीही घेणार नाही.

तुझाच,
डॅडी