शब्द वगळले आणि जहाज आले

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. पत्र पोचताच गुडघा कसा आहे ते कळव. गेल्या पत्रात तू डावा दुखतो म्हणून लिहिलं होतंस आणि त्याच्या आधीच्या पत्रात उजवा, तेव्हा मी दोघांचीही चौकशी करून ठेवतो. डोळ्यांत थेंब घालतेस ना? आयुष्यभर तू दुसऱ्यांना औषधं वेळेवर घ्यायला लावलीस (तू मेट्रन असताना तुझ्या वॉर्डातले निम्मे रोगी औषधाने बरे व्हायचे आणि निम्मे तुझ्या धाकाने, असं आई सांगायची), पण स्वतःच्या बाबतीत मात्र तू हयगय करतेस. आम्ही दोघं खुशाल आहोत. हे पत्र सहजच लिहीत आहे. मनात काही नाही. (तरी शेवटपर्यंत वाच.)

वर्तमानपत्रातून तुझ्या कानावर काही आलं असेल तर ते अर्धवट असणार, म्हणून खरं काय घडलं ते सांगतो. मी सभागृहाच्या वगळणी शाखेत आहे. तू सगळ्यांना मी वजनमापे खात्यात आहे असं सांगतेस, म्हणून बावीस वर्षांनी पुन्हा एकदा समजावतो. सभागृहात कुणी सदस्य नको तो शब्द बोलला की अध्यक्ष घंटी वाजवतात. घंटी वाजली की मी कामकाजाच्या नोंदीतला तो शब्द लाल पेन्सिलीने खोडायचा आणि वगळवहीत उतरवून ठेवायचा, म्हणजे पुढे तो पुन्हा आला तर जुना आहे की नवीन हे पाहता येतं. वही कुलपात असते, किल्ली माझ्या खिशात असते. म्हणजे साऱ्या देशाच्या शिव्या सरकारी इतमामाने माझ्या ताब्यात आहेत, आणि मला स्वतःला त्यातली एकही तोंडातून काढता येत नाही. ऑफिसात मला वगळ्या म्हणतात. (हल्ली घरीही.)

पूर्वी खोडलेल्या शब्दाच्या जागी आम्ही टिंबं छापत असू. पण वाचणारे त्या टिंबांत आपापल्या पसंतीचे शब्द भरू लागले आणि ते मूळ शब्दांपेक्षा भयंकर निघू लागले. एका सदस्याने तर रडकुंडीला येऊन तक्रार केली की समोरच्याने मला नुसतं मठ्ठ म्हटलं होतं, पण माझ्या सासऱ्यांनी टिंबं मोजली आणि मुलीला माहेरी घेऊन गेले. तेव्हापासून नियम झाला की टिंबं छापायची नाहीत. शब्द खोडायचा आणि उरलेले शब्द एकमेकांजवळ सरकवून घ्यायचे. हा नियम नीट लक्षात ठेव, कारण सगळी माती इथेच झाली.

तर आमच्याकडे ऊर्जा स्वावलंबन सप्ताह चालू होता. (तो सुरू होऊन तीन महिने झाले.) परदेशी तेलावर अवलंबून राहायचं नाही म्हणून सरकारने काटकसर काढली. आमच्या इमारतीची लिफ्ट फक्त खाली येते. वर जाताना प्रत्येकाने स्वतःची ऊर्जा वापरायची. शाखेत एकच पंखा ठेवलाय, तो पाळीपाळीने एकेका टेबलाकडे तोंड करतो, आणि ज्याची पाळी असेल त्याचे कागद उडतात, म्हणून लोक आपली पाळी दुसऱ्याला देऊन टाकतात. घरीही दुपारी वीज जाते आणि बायकोची शिलाई अडते. ती लोकांचे कपडे शिवते हे तुला माहीत आहे. सध्या गिऱ्हाइकं एका बाहीचा सदरा घेऊन जातात आणि दुसऱ्या बाहीसाठी वीज आल्यावर येतात.

या सप्ताहात ऊर्जामंत्र्यांचं भाषण झालं. माणूस मनाचा चांगला, पण जिभेला हाड नाही. लोक त्यांना फटकळ मंत्री म्हणतात आणि ते त्याबद्दल आभार मानतात. त्या दिवशी ते परदेशी तेलाविरुद्ध चाळीस मिनिटं बोलले आणि अध्यक्षांनी एकशे बारा वेळा घंटी वाजवली. मधे वीज गेली. सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण तळघरातलं जनरेटर धडधडत सुरू झालं (ते परदेशी डिझेलवर चालतं, पण हा विषय निघाला की सगळे खिडकीबाहेर बघतात) आणि मंत्री अर्ध्या शिवीवर थांबले होते तिथून पुढे सुरू झाले. माझ्या दोन लाल पेन्सिली संपल्या, तिसरी मी अध्यक्षांकडून मागून घेतली.

परदेशी तेल आम्हाला हवे असे म्हणणारे सगळे कोण आहेत ते मंत्र्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. तसं म्हणणारे निम्मे समोरच बसले होते, म्हणून अध्यक्षांनी ‘असे’पासून पुढचं सगळं वगळायला लावलं. मग मंत्री तेल विकणाऱ्यांना म्हणाले की तुमची दोन लाख पिंपे घेऊन या, आणि ती पिंपे कुठे रिकामी करू तेही म्हणाले. (ते शरीरशास्त्र तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.) तेही वगळलं. जहाज बंदरात आलं की मी स्वतः तिथे येईन आणि कप्तानाचं अमुक करीन, यातलं अमुक गेलं. शेवटी ते म्हणाले की तेल विकणाऱ्या देशाचा राजदूत माझ्या भावासारखा तमुक आहे, आणि हे साऱ्या गावाला माहीत आहे. तमुक खोडलं. उरलेले शब्द मी नियमाप्रमाणे जवळ सरकवले आणि सहा वाजता छापायला दिले. दुसऱ्या दिवशी छापून आलेलं भाषण असं होतं:

‘परदेशी तेल आम्हाला हवे. तुमची दोन लाख पिंपे घेऊन या. जहाज बंदरात आले की मी स्वतः तिथे येईन. राजदूत माझ्या भावासारखा आहे, आणि हे साऱ्या गावाला माहीत आहे. धन्यवाद.’

मावशी, यात एकही शब्द माझा नाही. सगळे मंत्र्यांचेच आहेत, त्यांच्याच क्रमाने. पण सभागृहाची छापील नोंद म्हणजे सरकारचा शब्द, आणि राजदूताच्या कचेरीत ती रोज जाते. म्हणे राजदूत वाचताना गहिवरला. अकराव्या दिवशी जहाज बंदराबाहेर येऊन उभं राहिलं, दोन लाख पिंपं घेऊन, आणि कप्तानाने चक्क आपल्या इकडच्या भाषेत शुद्ध अर्ज पाठवला की धक्क्यावर जागा मिळावी आणि मंत्रीमहोदय भेटायला कधी येणार ते कळावं.

आता तू म्हणशील की मंत्र्यांनी सरळ सांगावं, मी असं बोललोच नाही. तिथेच तर गाडं अडलं. असं बोललो नाही म्हटलं की मग काय बोललात हे सांगावं लागतं, आणि वगळलेला शब्द पुन्हा उच्चारणं हा सभागृहाचा अपमान, त्याला शिक्षा आहे. वगळवही दाखवावी तर ती दाखवायला सभागृहाचा ठराव लागतो, आणि ठराव मांडताना वहीत काय आहे ते सांगावं लागतं. तेव्हा आज देशात मंत्री नेमकं काय म्हणाले ते ठाऊक असूनही बोलू शकत नाहीत असे चारशे लोक आहेत.

बाहेर मात्र सगळे बोलत आहेत. पुढाऱ्याने रोखठोक बोलावं की सभ्य बोलावं यावर टीव्हीवर रोज भांडण. आमच्या चहाच्या खोलीत रोखठोकवाल्यांचं टेबल वेगळं झालं आणि सभ्यवाल्यांचं वेगळं. रोखठोकवाले सभ्यवाल्यांकडे साखर अत्यंत अदबीने मागतात, कारण ती त्यांच्या टेबलावर राहिली आहे, आणि सभ्यवाले ती देताना जे बोलतात ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. आपल्याला तेल लागतं किती, आपलं स्वतःचं काय आणि कधी निघणार, असं विचारणारा एक जण होता. त्याला दोन्ही टेबलांनी विषयाला धरून बोल म्हणून दटावलं.

दरम्यान परराष्ट्र खात्याने कप्तानाला नकाराचं पत्र लिहिलं. इतकं सुरेख पत्र मी कधी पाहिलं नव्हतं. आपल्या आगमनाने आम्ही भारावलो असून आपल्या मालाच्या स्वीकाराबाबत यथावकाश यथोचित विचार करण्याचा विचार आहे, असं काहीतरी होतं. कप्तानाने ते चौकटीत लावलं आणि धक्क्यावर सावलीची जागा मिळाली तर बरं, असं उलट कळवलं. मग ठरलं की पत्र मंत्र्यांनीच लिहावं, त्यांना नाही म्हणता येतं. त्यांनी लिहिलं. पण मंत्र्यांची सगळी पत्रं आमच्या शाखेतून जातात, आणि नियम तो नियम. माझ्या हाताखालून गेल्यावर ‘प्रिय कप्तान’ आणि ‘आपला’ एवढंच राहिलं. ते वाचून कप्तानाने नांगर टाकला.

शेवटी खापर कुठे फुटायचं? सचिवांनी मला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं की महिनाअखेरपर्यंत जहाज गेलं नाही तर तुम्ही जाल. नोकरीबरोबर क्वार्टरही जाईल. नकाराचं पत्र आता तुम्हीच लिहा म्हणाले. शिव्या तुमच्याकडे आहेत आणि त्या कशा टाळायच्या तेही तुम्हालाच येतं. त्याच संध्याकाळी फटकळ मंत्री स्वतः चार जिने चढून माझ्या टेबलाशी आले. धापा टाकत होते. मला वाटलं, आता वहीत नवीन पान उघडावं लागणार. पण ते खुर्चीत बसले, माझा हात धरला आणि म्हणाले, “अहो, काहीतरी करा हो. माझा भाऊ दोन आठवडे माझ्याशी बोलत नाहीये. राजदूत मात्र रोज मिठाई पाठवतो.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला फार वाईट वाटलं, आणि ते मी त्यांना सांगितलंही.

तेव्हापासून मी रोज कप्तानाचा अर्ज समोर ठेवून घरी लिहायला बसतो. ‘आपले जहाज परत न्यावे’ असं लिहितो. मग ‘परत’ जरा टोचतं, ते खोडतो. मग ‘न्यावे’ हुकमी वाटतं, तेही खोडतो. उरतं ‘आपले जहाज’, ते पाहून परत तोंडचं पाणी पळतं. बायको म्हणाली, आधी बोलायची सवय करा. म्हणून मी शेजाऱ्याकडे गेलो. तो रोज आपली सायकल आमच्या दारात आडवी लावतो. मी चांगलं घोकून गेलो होतो. परत आलो तेव्हा त्याच्या सायकलीची साखळी मी बसवून दिली होती आणि तिच्यावर घालायला आमचं ताडपत्रीचं कापड देऊन आलो होतो. बायको हसली नाही. तिने फक्त मशीनचं चाक जोरात फिरवलं.

असो. तुला या सगळ्याचा त्रास नको. आमची मुळीच काळजी करू नकोस, सगळं व्यवस्थित होईल. गुडघ्यांना जप. थंड पाण्यात पाय घालू नकोस. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि तुझ्या वयामुळे थोर कुणी उरले नसतील तर तो नमस्कारही तूच ठेवून घे.

तुझा भाचा

ता. क. — मागे एकदा तुझ्या वॉर्डात भेटीची वेळ संपल्यावर सत्तेचाळीस नातेवाईक थांबून राहिले होते, त्यात एक पैलवान होता. तू दारात उभी राहून एक वाक्य बोललीस आणि वॉर्ड रिकामा झाला. त्यात शिवी नव्हती असं आई शपथेवर सांगायची. ते वाक्य काय होतं ते आठवतं का? सहज विचारतोय.

ता. क. दुसरा — आठवत नसलं तर हरकत नाही. तुझ्या सवडीने, गुडघे दुखत नसताना, डोळ्यांत थेंब घातलेले नसताना, शक्य झालं तर आणि इच्छा असली तरच.

ता. क. तिसरा — मावशी, कप्तानाला चार ओळी लिहून दे. मला जमत नाही. नोकरी जाईल म्हणून मी फार घाबरलोय. उलट टपाली पाठव.

ता. क. चौथा — वरच्या मजकुरातलं योग्य वाटेल ते वगळावे.

मावशींना नमस्कार. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलंय, म्हणून मीही चार ओळी लिहिते. तिसरा ता. क. ह्यांनी दोनदा खोडला होता, दोन्ही वेळा मी समोर बसून पुन्हा लिहून घेतला. जहाज काल दुपारी गेलं. कप्तानाच्या अर्जावर फोन नंबर होता आणि तो अर्ज तीन आठवडे माझ्या शिलाईच्या टेबलावर लोळत होता. ह्यांच्या शाखेला फक्त लेखी बोलायची परवानगी आहे, मला तसं काही बंधन नाही. वीज गेली होती, हात मोकळे होते, म्हणून फोन लावला आणि म्हटलं, तेल नकोय. तो म्हणाला, बरं. त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक कधीचं तयार होतं, नुसता मान राखायला थांबला होता बिचारा. ह्यांना मी अजून सांगितलं नाही. आज सुट्टी आहे, उद्या ऑफिसात कळेलच. पण पत्र आत्ताच टाकते, नाहीतर सुटलो म्हणून फाडून टाकतील, आणि इतक्या वर्षांत ह्यांनी कुणाकडे काही सरळ मागितल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. तुम्ही चार ओळी लिहाच. मंत्र्यांचं पुढचं भाषण गुरुवारी आहे.

फोन ठेवताना कप्तानाने विचारलं, मग हे इतके दिवस कुणी सांगितलं का नाही? मी म्हटलं, आमच्याकडे अजून चर्चा चालू आहे.