स्टँडवरून लातूर

२ नोव्हेंबर, रविवार
जुन्या मोटरसायकलच्या टाकीत मूठभर जुने नट आणि थोडं रॉकेल टाकून दुपारभर हलवत बसलो. आतला गंज असाच निघतो. स्वयंपाकघरातून शकूचा आवाज, "काय, शेंगदाणे भाजून राहिलात का?" या आठवड्यातलं बायकोचं हे सगळ्यात लांब वाक्य.
चहासारखं लाल पाणी निघालं. रिटायर झालो, शाळेची प्रयोगशाळा सुटली, पण बाटल्यांना चिठ्ठ्या लावायची खोड काही सुटली नाही. खोललेले स्क्रू बरण्यांत, बरणीवर चिठ्ठी: "क्लच कव्हर, डावी बाजू." श. म्हणते, लोणच्याची बरणी तेवढी परत द्या.

५ नोव्हेंबर, बुधवार
इथेच लिहितो, दुसऱ्या कुणाला काय सांगणार. गाडी मी हौसेनं दुरुस्त करतोय हे अर्धंच खरं. लग्नानंतर घेतलेली ही टू-स्ट्रोक. हिच्यावरून आम्ही नांदेड-लातूर किती वेळा गेलो असू. तिकडे श.चं माहेर. घरात आमचं बोलणं जेवणखाणापुरतं. खरं बोलणं व्हायचं ते गाडीवर. नांदेड मागं पडलं की तिचं तोंड माझ्या कानाशी यायचं, ते लातूरचा नाका दिसेपर्यंत तिथेच. कोण काय म्हणालं, कोणाचं कुठं जुळतंय, मी कसा चुकतोय. पुढं नवी गाडी आली, ही ताडपत्रीखाली गेली, पण मागं बसून बोलणं चालूच होतं.
गेल्या वर्षी श. पुतणीच्या स्कूटरवरून पडली. गतिरोधक दिसला नाही. गुडघा गेला. डॉक्टर म्हणतात, आता बरा आहे. पण दुचाकीचं नाव काढलं की ही आत निघून जाते. रिक्षात बसते तीसुद्धा डोळे मिटून. आणि बोलणं बंद. भांडणही नाही.
मला ती परत मागं बसायला हवी आहे. लातूरला बस दर तासाला आहे, माहीत आहे मला. बसमध्ये ती खिडकीशी बसते आणि मी घोरतो.

९ नोव्हेंबर, रविवार
आज मनासारखं काम झालं. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून डोक्यात एक रूप बसलं होतं. मागचा मडगार्ड निम्मा कापला. लांब सीट काढलं, त्या जागी तपकिरी रंगाचं छोटं, एकाचं. साडीगार्डची ती जाळी आणि पाय ठेवायची पट्टी काढून टाकली, सगळं फार गावंढळ दिसायचं. भंगारवाला दारावरून चालला होता, त्याला देऊनही टाकलं. जब्बारभाई मिस्त्री येऊन बघून गेले. "सर, एकदम हीरो लगरी." चार वेळा लांब जाऊन बघितली. खरंच लगरी.

१२ नोव्हेंबर, बुधवार
काळा रंग चढला. श.ला हात धरून बाहेर आणलं. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली, सीटवर बोट फिरवलं, म्हणाली, "छान झाली. एकट्या माणसाची गाडी." आणि भात बघायला आत गेली.
मी आपला "हाव ना" म्हणून हसलो. मग संध्याकाळी हात धुताना डोक्यात उजेड पडला. जिला बसवायचं म्हणून हा सगळा खटाटोप, तिचीच जागा मी कापून भंगारात दिली. वर तिलाच दाखवायला नेली. साबण हातात तसाच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
भंगारवाला सापडला, जाळी नाही सापडली. गेली म्हणे हैदराबादच्या ट्रकमध्ये. दिवसभर भंगार बाजारात. जुनं साडीगार्ड मिळेल का, असं विचारलं की लोक आधी मला बघतात, मग गाडीला. जब्बारभाईंना सांगितलं तर पोट धरून हसले. "लोगां जाली निकालने कू आते सर, तुम लगाने कू आए." तो मनुष्य परवाच गाडीला हीरो म्हणत होता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
जाळी मिळाली. दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची, वाकडी, पण वेल्डिंगवाल्यानं गरम करून बसवली. काळ्या झोकदार गाडीला ही जाळी म्हणजे नवरदेवाला मफलर गुंडाळल्यासारखी. दिसू दे.
आता परत दोघांचं सीट. श.चा गुडघा पूर्ण दुमडत नाही, एका बाजूलाच बसावं लागणार, आणि पाय टेकायला जागा हवी. ती भाजी निवडायला ज्या खुर्चीत बसते त्या खुर्चीतच तिचा गुडघा दुखत नाही. म्हणून टेप घेऊन खुर्चीच्या बैठकीपासून जमिनीपर्यंतची उंची मोजली, तेवढीच सीटपासून पायपट्टीपर्यंत ठेवायची. मोजताना ती नेमकी आली. "आता खुर्चीलाबी इंजन बसवता का?" मी म्हणालो, चाळा. "हं."

२४ नोव्हेंबर, सोमवार
दोघांचं सीट, पायपट्टी बसली, इंजिन लागलं. नवा पिस्टन. जब्बारभाईंनी बजावलं, पिस्टन नवा आहे, एकदम रस्त्यावर पळवायची नाही, जाम होईल. आधी काही दिवस जागेवरच, स्टँडवर, मंद चालवायची. पण गाडी उभी म्हणजे इंजिनाला वारा नाही, म्हणून समोर टेबलफॅन लावायचा. मला हसू आलं, ते मात्र गंभीर. हॉलमधला फॅन उचलून आणला. स्टँडखाली जाड फळी, पुढचं चाक दोरीनं खिडकीच्या गजाला बांधलं, म्हणजे मागचं चाक चांगलं अधांतरी राहतं.
किक मारली. मारली. परत मारली. मग एकदम धरलं इंजिननं, अंगणभर निळा धूर, आणि तोच आवाज. माझे डोळे धुरानंच भरले असं म्हणू.
मागं बघतो तर श. भस्माची डबी घेऊन उभी. सोमवार, पूजा झालेली. हेडलाइटवर तीन बोटांनी तीन पट्टे ओढले, शेजारी माझ्या कपाळावरही, आणि आत गेली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
लातूरहून अक्काचा फोन. श.ची थोरली बहीण. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, येऊन राहिली, शेतात सगळे जमणार. फोन स्पीकरवर होता. "मागल्या वर्षी गुडघ्याचं निमित्त केलीस. यंदा काय हाय? सगळ्या भाज्यांची भज्जी करते, आंबील करते, तू नाही आलीस तर मी डाव हातात धरणार न्हाई." श. म्हणाली, "बघू." तिचं बघू म्हणजे नाही. चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

३० नोव्हेंबर, रविवार
आज काय झालं ते नीट लिहितो.
गाडी स्टँडवर चालू, फॅन चालू, मी सीटवर बसून ॲक्सिलरेटर जरा वर जरा खाली. श. फॅन मागायला आली, आत उकडतंय म्हणे. थंडीत. मी म्हणालो, मागं जरा बस ना, शॉकअपला वजन लागतं. ती म्हणाली, "गव्हाचं पोतं ठेवा." मी म्हणालो, पोत्याला जाळी कशाला लावली असती मग? तिनं जाळीकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं. स्टँड हलवून बघितलं, दोरी ओढून बघितली. आणि माझा खांदा धरून चढली.
मी मान वळवली नाही. हळूच पहिला गिअर टाकला. मागचं चाक हवेत फिरायला लागलं. फॅनचा वारा तोंडावर. खांद्यावरची बोटं आधी घट्ट, मग जरा सैल. मी दुसरा गिअर टाकला. मग कानाशी, "कुठं आलो?"
मी म्हणालो, सोनखेड. लातूरच्या वाटेवरचं.
"बरं चालवून राहिलात," म्हणाली.

३ डिसेंबर, बुधवार
रोज पूजा झाली की बसते. मी काही म्हणत नाही, म्हटलं तर बिघडेल. आज लोहा आलं. लोह्यात आम्ही नेहमी चहाला थांबायचो. ती उतरली, आत जाऊन चहा करून आणला, दोघांनी उभ्यानं प्यायला. मी म्हणालो, इथला चहा पूर्वीसारखा राहिला नाही. तर खांद्यावर चापट बसली. छान वाटलं. फार छान वाटलं.

७ डिसेंबर, रविवार
धुरानं शेजारचे जोशी खोकत कुंपणाशी आले. "काका, आठवडा झाला जाऊन राहिलात, गाव येईना का?" मी काही बोलायच्या आत मागून उत्तर गेलं, "रस्त्याचं काम चालू हाय, भाऊ." जोशी हसत परत गेले. गाडीवरचा तिचा तोच आवाज. मी पुढं तोंड करून होतो म्हणून बरं.
माळाकोळी झालं. तोपर्यंत पुतणीचं स्थळ, भाचीची नोकरी, आणि माझं हेडमास्तरांशी झालेलं जुनं भांडण, त्यात मी कुठं चुकलो ते.

१० डिसेंबर, बुधवार
अहमदपूरच्या अलीकडे तिनं स्वतःच विषय काढला. "पडले ना, तेव्हा मला भ्या वाटलं न्हवतं. दवाखान्यात तुम्ही आलात, तुमचे हात लटलट कापत होते. फॉर्मवर सही करता येईना. तेव्हा वाटलं."
मी विचारलं, काय वाटलं?
"वाटलं, मी मागं बसले आन् परत काही झालं, तर या माणसाचं काय होईल. म्हणून बसत न्हवते. गुडघ्याचं काय, गुडघा कवाच बरा झाला."
गाडी चालूच होती. मी बंद केली नाही, बंद केली असती तर तिनं पुढं सांगितलं नसतं. वर्षभर मी तिची भीती घालवायला बघत होतो आणि ती माझी सांभाळत बसली होती. माझं प्रेम आहे या बाईवर. तोंडानं कधी म्हटलं नाही, इथे लिहून ठेवतो.

१४ डिसेंबर, रविवार
शिरूर ताजबंद, चाकूर. मी म्हणालो, आज एका दमात लातूर गाठू.
"नको."
का?
"लातूरला असं जायचं नाही." उतरली, फॅनचा प्लग काढला, फॅन उचलून आत घेऊन गेली. जाग्यावर, हॉलमध्ये.
याचा अर्थ काय घ्यायचा? खेळ संपला, की आता खरं निघायचं? विचारायची हिंमत होत नाही. विचारलं आणि ती "बघू" म्हणाली तर मग संपलंच.

१६ डिसेंबर, मंगळवार
एकटाच लोह्यापर्यंत जाऊन आलो. इंजिन लोण्यासारखं चालतंय. लोह्यात चहा घेतला, गोड वाटला नाही. परत आलो तर श. फाटकाशी. जणू सहज उभी. "हात दाखवा." दोन्ही हात पुढं केले. तिनं बराच वेळ बघितले, पालथे, उताणे. पेट्रोलचा वास, नखात ग्रीस. "साबणानं धुवा," एवढंच म्हणाली.

१८ डिसेंबर, गुरुवार
अक्काचा फोन आला तेव्हा मी बाथरूममध्ये. बाहेर येईपर्यंत ठेवलेला. काय म्हणाली विचारलं. "भाज्या आणल्या म्हणे." आणि तू काय म्हणालीस? "मी काय म्हणू. बरं म्हटलं."
बरं. बघू नाही, बरं. जेवताना दोनदा मनात घोळवलं. बसचं वेळापत्रकही खिशात ठेवलंय, उगीच.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस
उजाडून राहिलंय. गारठा आहे. गाडी फाटकाबाहेर काढून ठेवली, साइड स्टँडवर. हेडलाइटवर भस्माचे पट्टे ताजे आहेत, मी उठायच्या आधीच कुणीतरी ओढलेले. अक्कासाठी लोणचं भरून झालंय, माझीच बरणी, घासून लख्ख. "क्लच कव्हर, डावी बाजू" ही चिठ्ठी काही निघाली नाही, तशीच चालली लातूरला.
हेल्मेट दोन्ही पुसून दिली. श.नं तिचं हातात फिरवून बघितलं. "हे घालून तुमच्या कानाशी बोलायचं कसं?"
मी म्हणालो, ओरडून.
"ओरडायला लावू नका मग. हळू घ्या."
गाडी मेन स्टँडवर लावू का, चढायला सोपं पडेल, असं विचारलं. "नको," म्हणाली. "स्टँडवर बसले की मी लोह्यालाच चहा टाकायला उतरीन."
जर्किन घालायला म्हणून आत आलो आणि हे लिहीत बसलोय, खरं तर तिला जरा एकटीला उभं राहू द्यावं म्हणून. खिडकीतून दिसतेय. पदर खोचलाय. बरणीची पिशवी हँडलला अडकवली. "अहो, फॅन बंद केलात का?" मी म्हणालो, केला.
तिचा एक हात सीटवर आहे. पाय अजून जमिनीवर आहेत.