बाजार आडवा चालला तेव्हा

प्रिय जोहा,

कोन गावाहून पत्र, तेही हाताने लिहिलेलं, बघून तू आधी दचकशील. घरी सगळं ठीक आहे. फोन केला असता तर तू दोन मिनिटांत हसून विषय मिटवला असतास, आणि मला तो पुरता सांगायचाय. दीड वर्षात आपण बोललो नाही, म्हणून जरा निवांत लिहिते.

आधी बातमी. आपला नियम टिकतो, हे मी आज छातीठोकपणे सांगू शकते. धामणकर नाक्यावरच्या क्लासमध्ये तू स्टॅटिस्टिक्स शिकवायचीस, मी गणित, आणि दोन बॅचच्या मधल्या तासात आपण चहा गार होईपर्यंत शेअरचे तक्ते बघत बसायचो. तिथेच ठरलं होतं: शेअरचा भाव दोनशे दिवसांच्या सरासरीच्या वर गेला की घ्यायचा, खाली उतरला की विकायचा, मध्ये आपली अक्कल चालवायची नाही. पहिले चौदा महिने तो असा धावला की ताईचे यजमान, आमचे मनोज भावोजी, गावातल्या बावीस जणांची यादीच घेऊन आले. सगळ्यांचे पैसे मी बाजारात फिरवायचे, असं त्यांचं म्हणणं. मला ते फार आवडलं, खोटं कशाला बोलू.

त्या शुक्रवारी मी तुमच्या घरी ती यादी मिरवत आले, तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "रूपा, या चौदा महिन्यांत सगळा बाजारच वर चाललाय. यात नियमाचं किती आणि बाजाराचं किती?" तुझे अब्बा, गुलाम हुसेन चाचा, कापडाच्या लूमवरून जेवायला आले होते. त्यांनी हात धुता धुता सांगितलं, "सीझनमध्ये सगळेच लूम चांगले दिसतात, बेटा. आम्ही मंदीत बघून घेतो." मी हसले. तू हसली नाहीस.

पंधरा दिवस बसून तू अठरा वर्षांचे भाव काढलेस आणि त्यांचे तीन गट केलेस: चढती वर्षं, पडती आणि आडवी, म्हणजे ना वर ना खाली. चढत्या वर्षांत आपला नियम निर्देशांकाच्या थोडा मागेच निघाला. २००८ ला बाजार निम्म्याहून खाली गेला, तिथे नियम वेळेवर बाहेर पडत होता. २०२० मध्ये बाहेर पडायलाही उशीर आणि परत शिरायलाही. आणि बाजार आडवा चालला की आज घे, उद्या वीक, दर वेळी थोडं नुकसान. ओळीने नऊ सौदे तोट्यात जाऊ शकतात, असं तू लाल पेनाने लिहिलंस. मी तो कागद तुझ्या हातातून ओढून घेतला आणि म्हणाले, तुला माझं चांगलं बघवत नाही. महिन्याभरात तू नोकरीसाठी पुण्याला गेलीस. मी पोचवायलाही आले नाही.

पुढचं तुला ठाऊक नाही. भावोजींची यादी मी परत केली. दुसऱ्यांचे पैसे फिरवायला परवाना लागतो, आणि नऊ तोटे सोसायची तयारी लागते. यातल्या कुणाची आहे ते विचारून या, म्हटलं. ते महिनाभर आमच्याकडे जेवायला आले नाहीत. नियम मी फक्त माझ्या पैशांवर चालू ठेवला. चोवीसच्या दिवाळीनंतर बाजार घसरत गेला, तेव्हा मी जवळजवळ पूर्ण बाहेर होते. पंचवीसच्या उन्हाळ्यात परत शिरले आणि बाजार आडवा झाला. ओळीने सात सौदे तोट्यात. पाचव्यानंतर नियम बदलायला हात शिवशिवत होते. तुझा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. तो वाचला आणि गप्प बसले. आठवा सौदा चालला, अजून चालतोय. पण मी नियमाला पास करते ते आठव्यावरून नाही. आडव्या बाजारात तो जेवढा खचेल असं तू लिहिलं होतंस, तेवढाच खचला, त्याहून जास्त नाही, यावरून करते. आता पुढचे तोटे आले तरी मला झोप लागेल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तू कागद दाखवलास त्याच्या महिनाभर आधी ती आडवी वर्षं मी स्वतः तपासली होती. सलग तीन वर्षं हाती काहीच लागत नव्हतं. मी ती फाइल पुसून टाकली आणि भावोजींना फक्त चढती वर्षं दाखवली. ती यादी त्यातूनच तयार झाली. तुझ्यावर मी चिडले ते तू चुकलीस म्हणून नाही, मी पकडली गेले म्हणून. परवा हे भावोजींना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "जोहाला सांगलंस का न्हाय? तिला पयलं सांग." तर हे सांगितलं. पत्ता चाचांकडून घेतलाय. येत्या रविवारी मी पुण्याला येतेय. रागवायचं असेल तर समोर बसवून रागव, पण दार उघड.

तुझीच,
रूपा