थोडंच राहिलंय

प्रिय युस्टेस,

मम्मीच्या दफनानंतर तू सगळ्यांना सांगत होतास, "क्लॅरिस अंधेरीच्या लॅबमध्ये मम्मीच्याच आजारावर औषध शोधत होती. वेळ कमी पडला." मी मान खाली घातली.

वेळ कमी पडला नव्हता रे. ते काम आम्ही गेल्या वर्षीच बंद केलं. फुप्फुसाच्या पेशींवरचे प्रयोग माझे आणि कुठलं औषध पुढे न्यायचं ते सांगणारा कॉम्प्युटर प्रोग्रामही माझाच. आमचं औषध माणसाच्या यकृताला सोसणार नाही, असं त्याने दाखवलं. मी तीनदा तपासलं, उत्तर बदललं नाही. लॅबच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, "बंद करूया ना?" मी हो म्हटलं.

घरी आले तर मम्मीने ऑक्सिजनची नळी सारखी करत विचारलं, "कुठवर आलं गं?"

"थोडंच राहिलंय."

पुढच्या आठवड्यात डॉक्टर फुप्फुस बदलायच्या यादीत तिचं नाव घालणार होते. तिने मोडता घातला. "कशाला चिरफाड? माझ्या पोरीचं औषध येतंय."

मी तिच्या शेजारीच बसले होते. डॉक्टरांनी फाइल मिटली, ती मी पिशवीत ठेवली.

उद्या तू कुवेतला परत जाशील. विमानतळावर सोडायला येईन, तेव्हाही मी हे बोलणार नाही, म्हणून लिहितेय.

तुझी बहीण,
क्लॅरिस