सासूबाईंचा पाय आणि माझा आलेख

२ मार्च २००४, वसमत
संध्याची आई, पद्माबाई, बाळापूरहून आल्या. हळद काढताना कुदळ पायावर बसली. पाय टम्म, अंगात ताप. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या: दर आठ तासांनी एक, सात दिवस. विचारलं, आठच तास का? म्हणाले, तसंच असतं. गणिताच्या प्राध्यापकाला हे उत्तर चालत नाही.

३ मार्च
कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बसलो. रक्तातलं औषध कसं ओसरतं, जंतू कसे वाढतात. दोन समीकरणं. लाइट गेली, उरलेलं हाताने सोडवलं. जंतूंच्या वाढीचा वेग कुठे मिळेना, दही लागण्यावरून धरला. निष्कर्ष: चार दिवस रोज सकाळी दोन गोळ्या एकदम, नंतर काही नाही. चौथ्या दिवशी जंतू शून्य. डॉक्टर निम्म्याहून जास्त गोळ्या वाया घालवतात.

संध्याकाळी
संध्या म्हणाली, पाय आईचा आहे, फळा नाही. मी गोळ्या ताब्यात घेतल्या. तिने पुढे वाद घातला नाही. पटलं असावं. डोकं दुखतंय म्हणून मेडिकलला जाऊन आली.

४ मार्च
पहिला डोस स्वहस्ते. सासूबाई म्हणाल्या, "दोन काहून?" आलेख दाखवला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "घाट लई उभा हाय." तांब्या घेऊन आत गेल्या. जावयासमोर गोळी गिळायला लाजतात.

६ मार्च
आलेखाप्रमाणे आज सूज निम्मी हवी. नाही. तापही आहे. मॉडेल बरोबर आहे, पाय मागे पडलाय.

७ मार्च
ताप उतरला. शेवटचा डोस दिला.

९ मार्च
गोळ्या बंद करून दोन दिवस, तरी सूज उतरतेच आहे. हे मॉडेलमध्ये नव्हतं. म्हणजे मॉडेल मला वाटलं त्याहून चांगलं आहे. नांदेडच्या चर्चासत्रात निबंध वाचणार. प्राचार्य म्हणाले, वाचा.

१० मार्च
डॉक्टर पाय बघून खूश. मी आलेख उलगडला आणि सगळं समजावलं. बाहेर पेशंट खोकत होते. डॉक्टरांनी सासूबाईंना विचारलं, गोळ्या कशा घेतल्या?
"तुमी सांगितल्या तशा बराबर. संध्यानं दुसऱ्या आणल्या व्हत्या."
मग चंचीतून माझ्या गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या. आठच्या आठ. सुपारीचा वास येत होता.
मला का नाही सांगितलं, विचारलं.
"तुमी इतक्या खुशीत कागद रंगवून राहिले व्हते. कशाला मन मोडावं?"
डॉक्टर म्हणाले, खरंच चौथ्या दिवशी थांबवलं असतं तर हा पाय मला नांदेडला पाठवावा लागला असता. संध्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

११ मार्च
निबंध मागे घेण्याचं कारण नाही. समीकरणं निर्दोष आहेत. फक्त पेशंटने गोळ्या घेतल्या नाहीत.

१२ मार्च
निबंध मागे घेतला. प्राचार्यांनी कारण विचारलं. घशाचं सांगितलं.

१४ मार्च
घसा खरंच सुजला. ताप. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दर आठ तासांनी एक. कागद-पेन्सिल मागितली, संध्याने दिली नाही. सासूबाई पाणी घेऊन समोर बसल्या. गोळी तोंडात टाकली. म्हणाल्या, "आ करा."
केला.