टाकीचा कोन

४ मार्च, सकाळी ७.१०
मापन-प्रयोगशाळेतली नोकरी सोडून आज अकरा महिने. स्वतंत्र वृत्तछायाचित्रकार म्हणून छापून आलेले फोटो : दोन. एक तुंबलेलं गटार, एक सापडलेली मांजर. दोन्ही आतल्या पानावर, बिननावाचे.
बाबांशी ठरलंय : ३१ तारखेपर्यंत पहिल्या पानावर एक फोटो, नाहीतर परत प्रयोगशाळा. जुन्या साहेबांनी माझी खुर्ची अजून रिकामी ठेवलीय म्हणे. ठेवू देत. धूळ बसेल.

७ मार्च
योजना सापडली. चौकापलीकडची जुनी पाण्याची टाकी. रिकामी, कुंपण घातलेली, आसपास वस्ती नाही. लोक म्हणतात, आज ना उद्या पडणार. पडेल त्या क्षणी समोर फक्त मी असेन.
पंक्चरवाल्याच्या दुकानाशेजारी ट्रायपॉड लावला. पाय घट्ट आवळले, साखळीने खांबाला बांधला. संध्याकाळी फक्त कॅमेरा काढायचा, ट्रायपॉडला हात लावायचा नाही. चौकटीत टाकी आणि आकाश. बाकीची लुडबूड नको.

१० मार्च
फोटोच्या कडेशी ताडून कोन मोजला : टाकी तीन दिवसांत ०.९६ अंश कलली! रोज ०.३२. माझ्या अंदाजाने सात अंशांना कोसळणार, म्हणजे २९ तारखेला. इतरांना नशीब लागतं, मला भागाकार पुरतो.

१३ मार्च
फोटो-संपादकांना आलेख पाठवला. ते म्हणाले, आलेख छापत नाही, उद्या शाळेच्या बक्षीस समारंभाला जाशील का. नाही म्हटलं. ते म्हणाले, बरं, आणि फोन ठेवला. त्यांच्या आवाजात आदर होता. बहुधा.

१६ मार्च
मोठी लेन्स विकली. टाकी जवळच आहे, गरज नव्हती.
बाबांनी विचारलं, जेवतेस ना. हो म्हटलं. काय, ते त्यांनी विचारलं नाही.

१९ मार्च, दुपारी १२.४०
३.८४ अंश. तंतोतंत. दर दहा सेकंदांनी एक फोटो चालू असताना मागे प्रचंड आवाज झाला. किंकाळ्या, काचा. वळले नाही. मालिका तुटली असती. हीच खरी शिस्त.

२० मार्च
बसचं चाक निखळून रस्ताभर घरंगळत गेलं आणि बँकेच्या काचेतून आत शिरलं. कुणालाही लागलं नाही. फोटो पहिल्या पानावर, पाच कॉलम. काढला पंक्चरवाल्याने, मोबाइलवर, माझ्या पाठीमागे उभं राहून. फोटोच्या कोपऱ्यात माझी पाठ आहे. फोकस बरा आहे.
तो म्हणाला, ताई, मी तुम्हाला तीन हाका मारल्या.

२५ मार्च
घरमालकीणबाई म्हणाल्या, एकवेळ भाडं राहू दे, पण तोंड का लपवतेस? लपवत नाही. जिन्यात उजेड कमी आहे.
५.७६.

२९ मार्च
पहाटे पाचपासून हजर. दोन बॅटऱ्या, तीन कार्डं. ७.०४ अंश. संध्याकाळी टाकीवर एक कावळा बसला. मी श्वास रोखला. कावळा उडाला. टाकी तिथेच.

३० मार्च
७.३६. सकाळी दहा वाजता रडू आलं. पंक्चरवाल्याने चहा दिला, काय झालं विचारलं. मी पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं. कोन, आलेख, बाबा.
त्याने एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा ट्रायपॉडकडे. मग म्हणाला, ताई, मी पंधरा वर्षं बघतोय, टाकी आहे तशीच आहे. तुमच्या या तिकाटण्याचा डावा पाय मात्र रोज अर्धं बोट मातीत जातोय. मी ट्यूब तपासतो ते पाणी तिथेच ओततो ना. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवलाय. शिकलेल्या आहात, कसं बोलायचं!
पाय उपसला. बारा सेंटिमीटर चिखल.

३१ मार्च
फोटो-संपादकांचा फोन. अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी आपणहून केला. दुसऱ्या रिंगला उचलला. म्हणाले, त्या पंक्चरवाल्याचा नंबर आहे का तुझ्याकडे?
दिला.

१ एप्रिल, सकाळी ९.३०
प्रयोगशाळा. तात्पुरती व्यवस्था. खुर्चीवर धूळ नव्हती, साहेब रोज पुसून घेत होते म्हणे. पहिलं काम : गवंड्याची पाणसळ आलीय, सपाटी बरोबर दाखवते का ते बघायचं.
आधी टेबलाचे चारही पाय तपासले.