यादीत नसलेला शब्द

३ मार्च, मंगळवार
ऑफिसातला पार्सर — डेटाबेसला विचारलेला प्रश्न, म्हणजे क्वेरी, वाचणारा आमचा प्रोग्रॅम — मठ्ठच आहे. क्वेरीतला एकेक शब्द उचलतो आणि आज्ञांसाठीच्या राखीव शब्दांची अख्खी यादी वरून खाली चाळत बसतो — हा का? हा का? अजित, आमचा टीम लीड, म्हणाला, "शुक्रवारपर्यंत वेग आण, नाहीतर हा रिलीज विसर."
घरी तेच. अर्धांगाचा झटका आल्यापासून नानांचे शब्द हरवलेत. माझ्या बापाचे! वैशालीवहिनी सांगत होती, संध्याकाळभर नुसतं "द… द…" चाललं होतं. तिनं विचारलं — दूध? दवा? दार लावू? शेवटी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी पोचले तेव्हा झोपले होते.

५ मार्च
स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या, "त्यांनी प्रयत्न सोडला, तर मग कठीण आहे." भीती वाटते. जयंतीच्या मीटिंगमध्ये नानांच्या हातून माईक काढून घ्यायची चाळीत कुणाची टाप नव्हती. यंदा कोणी बोलवायलासुद्धा आलं नाही.

६ मार्च
झालं! शब्दाची लांबी आणि पहिलं अक्षर बघायचं, थेट एकाच कप्प्यात हात घालायचा. सापडला तर राखीव शब्द. नाही सापडला तर ते नाव — कुठल्यातरी टेबलाचं, कॉलमचं — असं धरून पुढे. अजित म्हणतो, "एवढंच होतं? मग इतके दिवस काय करत होतीस?" मेला. पण वडापाव त्यानेच खिलवला.

८ मार्च, रविवार
घरीही कप्पा करून बघितला. 'द'चे शब्द घेऊन दिवसभर नानांसमोर बसले — दही, दात, दिवा, दादर. त्यांनी 'द' काढलाच नाही. माझ्याकडे बघून हसत राहिले, खुणेनं भात मागितला, जेवले.
वहिनी म्हणाली, "बेबी, तू असलीस की असेच गप असतात गं. तू कामावर गेलीस की संध्याकाळी सुरू होतात, दाराकडे बघत."
चिडलेच जरा त्यांच्यावर. अख्खा रविवार गेला.

१० मार्च
आज पुन्हा उशीर. जिन्यातच नानांचा आवाज आला. अडखळत, पण पुरा शब्द — "दर्शना."
घरात सगळ्यांची मी बेबी. माझं नाव घेतात ते फक्त नाना.
यादीत सापडला नाही तर ते नाव धरायचं — मीच लिहिलंय ना?
उरलेल्या पायऱ्या पळतच चढले. "आले नाना, आले."